मोगरीचे तळघर

एकदा एक वृद्ध वैद्य भर दुपारी आपल्या तळघराच्या दारात उभा राहून आतल्या काळोखाला हाक मारत होता. "कोण आहे आत?" त्याने विचारले आणि कान देऊन तो वाट पाहू लागला. दाराला बाहेरून कडी होती. ती त्याने स्वतःच नुकतीच काढली होती. आत कोणी असणे शक्य नव्हते. तरीही उत्तर येत नाही अशी पुरती खात्री झाल्यावरच त्याने दिवा लावला आणि पायऱ्या उतरू लागला.

हे पाहणारी सगुणा त्याची शिष्या होती. वैद्यांना लागणारे द्राक्षासव कसे करतात ते शिकण्यासाठी ती त्याच वर्षी त्याच्याकडे येऊन राहिली होती आणि त्याला अप्पा म्हणे. वयाने जाणती, हाताने स्थिर, बोलण्यात बेताची. तिची आई वारल्याला दोन वर्षे झाली होती आणि तेव्हापासून ती एका कामातून दुसऱ्या कामात शिरत आली होती. वृद्धाची ती हाक ऐकून तिला वाटले, म्हातारपणात माणसाला अशा काही सवयी लागतातच. तिने विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

वैद्याच्या मळ्यात एकाच जातीची द्राक्षे होती. जात पांढरी, म्हणजे कोवळेपणी फिकट हिरवी आणि पिकली की पातळ मधाच्या रंगाची. मणी पिकू लागले की साऱ्या मळ्याला मोगऱ्याचा वास सुटे, म्हणून त्या भागात तिला मोगरी म्हणत. खायला ती कोणी घेत नसे, कारण साल जाड आणि बिया मोठ्या. पण तिच्या रसाचे जे मधुर आसव होई, तसे दुसऱ्या कोणत्याही द्राक्षाचे होत नसे. आसपासचे मळे रिकामे झाले तरी मोगरीचे घड वेलीवरच राहू दिले जात. चैत्रातले ऊन त्यांच्यातले पाणी ओढून घेई, मणी सुरकुतत, आणि मग जो थोडासा दाट रस हाती लागे तो तळघरातल्या रांजणांत भरला जाई. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. त्यांच्या तोंडावर पातळ फडके बांधत.

थोड्या दिवसांनी रांजण बोलू लागत. आधी एखादाच बुडबुडा फुटे, मग शेजारच्या रांजणात दुसरा, आणि हळूहळू सगळे मिळून अशी काही कुजबुज करीत की भिंतीपलीकडे पुष्कळ माणसे हलक्या आवाजात बोलत बसली आहेत असे वाटावे. शब्द कळत नसत. पण त्यांत मध्येच कोणी आपले नाव घेतले असे वाटून मान वळे.

तळघराचे नियम थोडेच होते. दिवा गुडघ्याच्या खाली धरायचा. तो विझला की तिथूनच मागे फिरायचे. आणि काही झाले तरी खाली बसायचे नाही. वृद्धाने तिथे पाट, तिवई, उपडी पाटीसुद्धा कधी ठेवू दिली नव्हती. गावातले लोक म्हणत, ते तळघर दिवे खाते. मुलांना कोणी तिकडे फिरकू देत नसे.

वैशाखात नेहमीचा व्यापारी आला. केशर, वेलदोडा, सुकामेवा अशा मालाचा त्याचा व्यवहार होता, आणि मागल्या वर्षीचे तयार आसव तो दरसाल शहरातल्या वैद्यांसाठी घेऊन जाई. इतर वर्षी त्याच्याबरोबर गाडीत त्याची लहानगी मुलगी असे. या वेळी तो एकटाच उतरला. वृद्धाने गाडीत डोकावून पाहिले.

"अंबू?"

"तापानं गेली," व्यापारी म्हणाला. "श्रावणात."

वृद्धाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

मग रिवाजाप्रमाणे दोघे आसव निवडायला खाली उतरले. सगुणा दिवा घेऊन मागे होती. रांजण ऐन भरात आले होते. व्यापारी दोन पावले चालला आणि थबकला.

"वैद्यबुवा, ऐकलंत?"

"रस आंबायला लागला की रांजण बोलतात, शेठ."

"नाही. 'बाबा' म्हणाली."

वृद्धाने व्यापाऱ्याचा दंड धरला आणि त्याला वर उजेडात आणले.

पण व्यापारी परत गेला नाही. गाडी आणि माल त्याने गडीमाणसाबरोबर पुढे पाठवून दिला आणि स्वतः गावच्या धर्मशाळेत मुक्काम ठोकला. रोज सकाळी तो मळ्यात येई. वृद्ध त्याला खाली घेऊन जाई, थोडा वेळ त्याच्या शेजारी उभा राही आणि वर आणी. व्यापाऱ्याला तेवढे पुरत नव्हते. एके दिवशी वृद्ध वेलींच्या छाटणीकडे गेलेला पाहून तो सगुणेपाशी आला.

"ताई, मला जरा जाऊ दे. एकट्याला. तुझ्या अप्पांसमोर ती नीट बोलत नाही."

"अप्पांना विचारल्याशिवाय कसं..."

"तुला आई आहे?"

"नाही."

"मग तुला काय सांगायचं," असे म्हणून त्याने डोळ्यांवर उपरणे धरले.

सगुणेने कडी काढून दिली. त्याचे पाय लटपटत होते, म्हणून वरच्याच एका पायरीवर तिने गोणपाटाची घडी घालून दिली. खाली बसायचे नाही हा नियम तिला ठाऊक होता. पायरी म्हणजे काही जमीन नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिले तर घडी एक पायरी खाली सरकली होती. त्यानंतरच्या दिवशी आणखी एक.

"वरून कमी ऐकू येतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता. इतका शांत की तिला बरे वाटायला हवे होते. पण ओठांवर निळसर छाया आली होती आणि बोलताना तो प्रत्येक शब्दानंतर थांबत होता. धर्मशाळेतल्या बाईने सांगितले, शेठ जेवत नाहीत.

"काय म्हणते ती?" सगुणेने विचारले.

"म्हणते, बाबा, किती दमलात. बसा. आडवे व्हा जरा." तो हसला. "फार गोड बोलते ग."

त्या संध्याकाळी सगुणा कडी लावायला गेली तेव्हा तिलाही पायऱ्यांच्या तळाकडून काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले. ती दार ओढून घेऊन भराभरा निघून आली.

गोणपाट वृद्धाला सापडले. त्याने ते उजेडात नेले, त्यावरचा बसल्याचा दाबलेला वळ हाताने चाचपला आणि सगुणेला हाक मारली. ती सारे बोलून गेली. तो रागावला नाही. त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

"सगुणे, रस आंबतो तेव्हा त्यातून एक हवा सुटते. ती जड असते. पाणी तळ्यात साचावं तशी ती तळघरात साचते. दिसत नाही, वास नाही. दिवा तेवढा तिच्यात जगत नाही. कधी ती घोट्याएवढी असते, कधी गुडघ्याएवढी. उभा माणूस तिच्यातून चालून वर येतो. बसला तो बुडतो. त्याची शुद्ध हरपत जाते, आणि त्याला वाटतं झोप येतेय."

"आणि आवाज, अप्पा?"

"आधी त्यांना जाऊन सांग. आवाजाचं मग बोलू."

ती लगेच धर्मशाळेत गेली. व्यापाऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली. "कळलं, ताई. पुन्हा नाही बसणार." त्याने एकही शंका विचारली नाही. ही गोष्ट तिच्या मनात राहायला हवी होती, पण तो कबूल झाला याच आनंदात ती परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वृद्ध आणि सगुणा तळघराकडे आले. दाराची कडी निघून लोंबत होती.

वृद्ध उंबरठ्यावर थांबला.

"कोण आहे आत?"

खालून रांजणांची कुजबुज येत होती. ती त्या दिवशी फार दाट होती. त्या कुजबुजीतून, अगदी तळापासून, सावकाश आणि स्वच्छ उत्तर आले.

"कोणी नाही."

आवाज व्यापाऱ्याचा होता. पण त्यात त्याचे असे काही उरले नव्हते. एखाद्या रिकाम्या घरानेच ओ द्यावी तसा तो होता. वृद्धाचा चेहरा पांढरा पडला. त्याने खुंटीवरचा दोर काढून तिच्या हातात दिला.

"माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत. तुला जावं लागेल. आज दिवा विझला तरी मागं फिरू नको. दोर त्यांच्या काखेतून घाल. वाकण्याआधी छाती भरून श्वास घे, वाकलेली असताना तो सोडू नको. काही ऐकू आलं तर उत्तर देऊ नको."

ती दिवा घेऊन उतरली. रोज जमिनीजवळ विझणारा दिवा आज तळापासून दोन पायऱ्या वरच विझला. दारातून येणारा उजेड तिथपर्यंतच पोचत होता. पुढे सारे करडे होते. व्यापारी दोन रांजणांच्या मधे कुशीवर निजला होता. त्याने गाल एका रांजणाच्या फडक्याला लावला होता, आणि लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा हात त्यावर ठेवला होता.

सगुणेने श्वास कोंडला, वाकली आणि दोर त्याच्या अंगाखालून ओढू लागली. तो फार जड होता. दोर त्याच्या खांद्याखाली अडकला. ती आणखी वाकली, आणि तिला जपून ठेवलेला श्वास संपत आल्यासारखे वाटले.

"सगुणे."

आवाज जवळून आला, जमिनीच्या अंगाने. तो तिच्या आईचा होता.

"किती धावशील ग? दमलीस. बस जरा."

दोन वर्षांत तिला 'दमलीस' असे कोणी म्हटले नव्हते. तिचे डोळे भरून आले. तिचा एक गुडघा जमिनीला टेकला. माती गार होती, आणि तो गारवा मांडीवरून वर चढत होता. दोर हातातच होता, पण तो कशासाठी धरला आहे ते तिला आठवेना. क्षणभरच बसू, असे तिच्या मनात आले. तो विचार तिला स्वतःचा वाटला.

"उभी राहा!"

वृद्ध मधल्या पायरीपर्यंत उतरून आला होता. "सगुणे, उभी राहा! त्यांना राहू दे, आधी तू उभी राहा!"

रांजणाचा काठ धरून ती कशीबशी उठली. विहिरीच्या पाण्यातून डोके वर काढावे तसे झाले. हवा छातीत शिरली तेव्हा ती दुखली. आईचा आवाज तिथल्या तिथे तुटला. त्या तुटण्याचेच तिला इतके वाईट वाटले की ती पुन्हा वाकली तेव्हा आपण दोरासाठी वाकतो आहोत की आवाजासाठी, हे तिला नीटसे सांगता आले नसते. पण या वेळी तिने श्वास भरून घेतला होता आणि वृद्ध सारखा वरून तिचे नाव घेत होता. दोर बांधला गेला. वृद्धाने आणि हाक ऐकून धावून आलेल्या गड्यांनी वरून ओढले, तिने खालून रेटले, आणि व्यापारी उन्हात आला.

मांडवाखाली त्याला निजवले. तोंडावर पाणी मारले, तळपाय चोळले. खूप वेळाने त्याच्या घशातून एक कण्हणे निघाले आणि छाती हलू लागली. डोळे उघडल्यावर त्याने आपल्याभोवतीची माणसे एकेक करून पाहिली. त्यांत जे माणूस त्याला हवे होते ते नव्हते.

"का आणलंत मला?" तो म्हणाला. "ती हात पुढं करत होती."

बातमी गावभर झाली. तिसऱ्या प्रहरी पाटील चार माणसे घेऊन आले. "वैद्यबुवा, तुमचा मान आहे म्हणून आजवर कोणी बोललं नाही. आता ते दार बंद झालं पाहिजे. उद्या गवंडी पाठवतो. दगडमातीनं लिंपून टाकू."

"उद्या नको," वृद्ध म्हणाला. "उद्या आम्हाला खाली जायचंय."

"कोणाला?"

"मला आणि शेठना."

पाटलांना वाटले, आपण चुकून भलतेच ऐकले. माणसे आपसांत बोलू लागली. एकाने तर तोंडावरच म्हटले, की म्हाताऱ्याला आज एक मढे मिळाले नाही म्हणून हा उद्याची तयारी करतो आहे. वृद्धाने त्याला पाणी विचारले आणि विषय संपवला.

माणसे पांगल्यावर सगुणा त्याच्या समोर उभी राहिली.

"अप्पा, त्यांना परत तिथं नेणार? ते पुन्हा तिथंच निजतील. मी... मीसुद्धा निजले असते."

"माहीत आहे. तुझा गुडघा टेकलेला पाहिला मी. सकाळी चार सुपं घेऊन ये, आणि गड्यांना बोलाव."

सकाळी तळघराचे दार आणि मागचा झरोका सताड उघडून त्यांनी सुपांनी वारा घातला. पायऱ्यांवर ओळीने उभे राहून, खालची हवा वर उपसावी तसे ते सुपे हलवत राहिले. वृद्ध दोरीला दिवा बांधून पुन्हा पुन्हा खाली सोडून पाहत होता. अखेर दिवा जमिनीवर टेकला तरी जळत राहिला. मग वृद्ध व्यापाऱ्याला आणायला गेला.

आता व्यापारीच येईना. रात्रभरात त्याला आपण कुठे निजलो होतो ते उमगले होते. त्याने धर्मशाळेच्या खांबाला पाठ लावली होती. "नको, वैद्यबुवा. तिनं बोलावलं तर मी राहणार नाही. मला माझा भरवसा नाही."

"म्हणूनच माझ्याबरोबर चला. काल तुम्ही एकटे गेलात. आज दोघं जाऊ."

वृद्धाने त्याचे मनगट धरले आणि वाटेत कुठेही सोडले नाही. ते खाली गेले. सगुणा दिवा घेऊन मागोमाग उतरली. खेळत्या हवेत कुजबुज पातळ झाली होती, पण थांबली नव्हती. दोघे रांजणांच्या मधे उभे राहिले.

"ऐका," वृद्ध म्हणाला. "काय म्हणते?"

व्यापाऱ्याने डोळे मिटले. त्याचे गुडघे सैल पडू लागले तसा वृद्धाने आपला खांदा त्याच्या काखेत दिला.

"बसा म्हणते."

"आणखी?"

"आणखी काही नाही. बाबा, दमलात, बसा."

"रोज हेच?"

"रोज हेच."

"घरी असताना असंच म्हणायची का हो?"

व्यापाऱ्याने तोंड उघडले आणि त्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. सगुणेला वाटले, त्याला ठसका लागला. तो हसत होता.

"अंबू? छे हो! तिनं मला कधी बसू दिलं नाही. दुकानातून आलो की पागोटं उतरायच्या आत हात धरून ओढायची. बाबा, चला ना. बाबा, उठा ना, किती वेळ झाला. तुमच्या या मांडवाखाली मी बोलत बसलो तर धोतराचा सोगा ओढून ओढून फाडला होता तिनं एकदा. हट्टी. भांडखोर. असं गोड बोलणं तिला..." तो थांबला. काळोखाकडे त्याने असे पाहिले की जणू तिथे कोणी परके माणूस त्याच्या घरातले कपडे घालून उभे होते. "ही कोण आहे, वैद्यबुवा?"

आणि मग तो रडू लागला. मुलगी गेल्यापासून तो असा रडला नसावा. मोठ्याने, लहान मुलासारखा, तिचे नाव घेऊन, तिच्या खोड्या एकामागून एक आठवून. त्याचे अंग खाली जात होते आणि वृद्ध त्याला खाली जाऊ देत नव्हता.

"रडा," तो म्हणत होता. "हवं तेवढं रडा. पण उभ्यानं."

वर आल्यावर व्यापारी मांडवात झोपी गेला, खरीखुरी झोप. सगुणा वृद्धाशेजारी येऊन बसली. मघाशी तिने विचारायचे ठरवले होते त्यापेक्षा तिचा प्रश्न आता फार लहान झाला होता.

"दार लिंपून का नाही घेतलंत, अप्पा?"

"लिंपलं असतं तर ते दाराबाहेर निजले असते. आपलं गेलेलं माणूस भिंतीआड कोंडलंय असं वाटून उरलेला जन्म तिथं काढला असता." वृद्धाने झोपलेल्या व्यापाऱ्याकडे पाहिले. "गेलेल्यांकडे जावं, पोरी. मीही जातो. माझी बायको गेली तेव्हा मी तिथं असाच आडवा झालो होतो. माझ्या गुरूंनी केसाला धरून बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून परत आत नेलं. तेव्हा मला ते दुष्ट वाटले होते. दुःख जड असतं. ते तळाला साचतं. त्यात उभं राहणाऱ्याला आपलं माणूस होतं तसं आठवतं, त्याच्या भांडणांसकट. तिथं अंथरूण घातलं की मात्र 'बस' एवढंच ऐकू येतं. जो आपल्याला जीव लावत होता तो आपल्याला असं खाली कशाला बोलावेल?"

"मग काल माझ्या आईच्या आवाजात कोण बोललं?"

वृद्धाने तळघराच्या दाराकडे पाहिले.

"ते मला माहीत नाही. माझ्या गुरूंनाही माहीत नव्हतं. तेही दारात उभे राहून विचारायचे."

व्यापारी त्यानंतरही काही दिवस राहिला. तो आता जेवू लागला होता. रोज तो कोणाला तरी सोबत घेऊन खाली जाई, उभा राही, आणि कोणी न सांगता वर येई. जड हवा कमी होत चालली तशी कुजबुजही विरळ होत गेली. आणि एका सकाळी तो धावतच वर आला. त्याचा चेहरा पुन्हा उतरला होता.

"वैद्यबुवा, गप्प झाले. सगळे. काहीच येत नाही."

"थांबायचेच ते," वृद्ध म्हणाला. त्याने एका रांजणाचे फडके सोडायला लावले आणि सगुणेने आतले आसव पळीने वाटीत आणले. ते सोन्यासारखे पिवळे होते आणि उन्हात धरले तेव्हा वाटीच्या तळाची नक्षी दिसत होती. "दुसऱ्या द्राक्षाचा रस असा बोलत राहतो तोवर स्वतःची गोडी खात राहतो. सगळी खाऊन झाली की थांबतो, आणि मागं उरतं ते कोरडं, कडक. मोगरीत गोडी इतकी असते की ती खाऊन संपत नाही. बोलणारा दमतो, गोडी राहते. आता तिला कोणी खाणारं नाही. घ्या."

व्यापाऱ्याने वाटी दोन्ही हातांत घेतली. पहिला घोट त्याने बराच वेळ तोंडात धरला. मळ्यात तेव्हा वारा पडला होता आणि तळघराच्या उघड्या दारातून कसलाही आवाज येत नव्हता. सगुणा त्या दाराकडे पाहत होती. तिलाही काही ऐकू येत नव्हते, आणि आपण ऐकण्याचा यत्न करतो आहोत हे तिच्या ध्यानात आले.

वाटी रिकामी करून व्यापाऱ्याने ती खाली ठेवली. तो उठला, इकडेतिकडे पाहू लागला, आणि खांबावरचे आपले उपरणे त्याने खांद्यावर टाकले.

"शहराकडं जाणारी गाडी उद्या आहे, शेठ," सगुणा म्हणाली.

"मी चालत निघतो."

"या उन्हात? एवढी काय घाई?"

व्यापारी तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते पाहून सगुणेला एकदम उमगले, की इतक्या दिवसांत त्याने एका माणसाचा उल्लेखही केला नव्हता, आणि कोणी त्याला विचारलेही नव्हते.

"घरी अंबूची आई आहे," तो म्हणाला. "ती एकटीच बसली असेल. तिला उठवायला हवं."